चार नंबरचा बाण

मेस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं ते ओमानमधल्या सहमच्या मासळी बाजारात, बांगडे जुळवताना. घ्यायचे होते सहा, पण टोपलीतले पन्नास तरी त्यांनी ओट्यावर ओळीने मांडले होते. एकेक उचलायचा, बोटांवर तोलायचा, परत ठेवायचा. मासेवाला ओमानी म्हातारा आधी हसत होता, मग सुस्कारे टाकू लागला, आणि शेवटी 'यल्ला, यल्ला', चला आटपा, असं करत शेजारच्या दुकानात जाऊन बसला. मी आदल्याच दिवशी अकोल्याहून इथे येऊन पडलो होतो. नव्या नोकरीतले हे तुमचे सहकारी, असं सांगून ड्रायव्हरने मला त्यांच्या हवाली केलं होतं. माणूस ठीक आहे ना, हा प्रश्न मला तेव्हापासूनच पडलेला आहे.

"एवढं काय बघताय?" मी विचारलं.

"एक मोठो नि एक बारीक असलो तर एक जळता नि एक कच्चो रवता," ते म्हणाले. "सगळे एकदम भाजूक होये."

दुपारी ते सहा बांगडे एकाच तव्यावर पडले, एकाच वेळी उलटले आणि एकाच वेळी उतरले. चव मला कुठल्याही बांगड्यासारखीच लागली. तसं मी म्हटलं, तर मेस्त्री माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले.

आमचं वर्कशॉप पंपांचं. किनाऱ्यालगतच्या खजुराच्या आणि लिंबाच्या बागांना पाणी देणारे पंप बिघडले की आमच्याकडे यायचे. मेस्त्री मालवणच्या बाजूच्या एका खेड्यातले, पन्नाशी उलटलेले, बावीस वर्षं सहममध्ये काढलेले. पासपोर्टात त्यांचं नाव होतंच, पण मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मेस्त्रीच म्हणत. मी सव्वीस वर्षांचा, डिग्रीवाला, कागदोपत्री त्यांचा साहेब. ते मला 'इंजिनियर' म्हणत. त्या एका शब्दात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला तिथे असेपर्यंत कळलं नाही.

त्यांचं खरं काम म्हणजे मोटर आणि पंप एका रेषेत बसवणं. दोघांचे दांडे केसाच्याही अंशाने इकडेतिकडे असले तर पंप थरथरतो, तापतो आणि एक दिवस फुटतो. त्यासाठी डायल नावाचं एक घड्याळासारखं यंत्र असतं. ते दांड्याला टेकवायचं आणि काटा किती हलतो ते बघायचं. मी कॉलेजात हे सगळं शिकलो होतो, परीक्षेत त्यावर पैकीच्या पैकी मार्क होते. मेस्त्री डायल लावायच्या आधी दांड्यावर नुसतं बोट फिरवून आकडा सांगायचे. मग डायल लावून मला दाखवायचे. आकडा तोच निघायचा. मला वाटायचं यात काहीतरी हातचलाखी आहे, आणि मी दोन-तीनदा ती पकडायचाही प्रयत्न केला.

कुठेही बसले की खिशातून बेअरिंगची गोळी काढून टेबलावर ठेवायचे. गोळी ज्या बाजूला घरंगळेल त्या बाजूच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. त्यामुळे आमच्या मेसमधलं टेबल, मालकाच्या ऑफिसातलं टेबल, एवढंच काय, पलीकडच्या न्हाव्याची खुर्ची, सगळं पुठ्ठ्यांवर उभं होतं. चहा मात्र स्टीलच्या भल्यामोठ्या पेल्यात घ्यायचे, आणि तोही अर्ध्याच्या वर कधी नाही. पेला एवढा मोठा आणि चहा एवढासा, याचा अर्थ मला लागत नसे. चिकटपणा म्हणावा तर माणूस दिवसातून आठ वेळा चहा पिणारा.

आणि त्यांचं एक वाक्य होतं. काहीही बिघडलं की ते म्हणायचे, "तिघांतलो एक खोटा बोलता." तिघे म्हणजे यंत्र, आत बसणारा भाग आणि माणसाचा हात. पहिल्या दोघांना आधी तपासून मोकळं करायचं, उरेल तो दोषी. "हात सगळ्यात शेवटाक बघूचो," ते म्हणायचे. "कित्याक, तर तो आपलो असता. तेका कोण खोटो म्हणना नाय."

*

धनुष्य आलं ते अर्बाबाच्या गाडीतून, एका लांबलचक काळ्या पेटीत. आमचा अर्बाब म्हणजे वर्कशॉपचा मालक, साठीचा, शांत, दाढी नीट कापलेला. ओमानमध्ये शिकारीला बंदी आहे, पण त्याचे काही दोस्त दरवर्षी परदेशात कुठेतरी रीतसर परवाने काढून शिकारीला जात आणि या वर्षी त्यांनी यालाही ओढलं होतं. त्याने परदेशातून धनुष्य मागवलं. लाकडी, दोन्ही टोकांना पुढे वळलेलं, देखणं. सोबत दोन डझन लाकडी बाण, मागे पिसं लावलेले.

"मेस्त्री," तो म्हणाला, "ये कौस सीधा नहीं मारता. एक तीर इधर, एक तीर उधर. कौस खराब, या मैं खराब? तुम देखो."

कौस म्हणजे धनुष्य. मेस्त्रींनी जन्मात धनुष्य हातात धरलेलं नव्हतं. पण त्यांनी ते असं घेतलं की मला मासळी बाजार आठवला.

"अर्बाब," ते त्यांच्या हिंदीत म्हणाले, "तीन में से एक झूठ बोलता. दो महिना दो."

"इन्शाल्ला," अर्बाब म्हणाला. त्याला वाटलं असेल, तेल-पाणी करून चार दिवसांत परत मिळेल.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी काठी लावून अर्बाबाच्या हाताची लांबी घेतली. मग स्वतःची. दोन्ही अगदी बरोबरीच्या निघाल्या, तेव्हा त्यांना झालेला आनंद मला समजेना. त्यांनी समजावलं: दोरी किती मागे ओढली जाते यावर सगळं अवलंबून. म्हणजे अर्बाबाच्या ऐवजी मेस्त्रींनी बाण मारून पाहिले तरी चालणार होतं.

मग सुरू झाला बाणांचा छळ. मेस्त्री बाजारातल्या केरळी सोनाराकडे बाणांची मोळी घेऊन गेले आणि चोवीसच्या चोवीस बाण त्याच्या सोन्याच्या काट्यावर वजन करून आले. सोनार चांगला माणूस, त्याने चहासुद्धा पाजला, पण तिसऱ्या वेळी गेल्यावर त्याने शटर अर्धं खाली घेतलं. मग वर्कशॉपात दोन बेअरिंगांवर एकेक बाण आडवा ठेवायचा, मधोमध ठरावीक वजन लटकवायचं आणि खाली डायल लावून बाण किती लवतो ते बघायचं. वजन सारखं पण लवणं वेगळं, तो बाण बाद. लवणं सारखं पण वजन जास्त, त्याला पॉलिशपेपरने घासायचं आणि पुन्हा काट्यावर. महिनाभराने चोवीसांतले अकरा बाण पास झाले. त्यांच्या मागच्या खाचेजवळ मेस्त्रींनी पेन्सिलीने एक ते अकरा आकडे घातले. नापास तेरा बाणांची मोळी माझ्या स्टोअरमध्ये, रंगाच्या डब्यांमागे गेली.

"पण सगळे सरळच तर आहेत," मी म्हणालो. "मग लवण्याशी काय घेणं?"

इथेच माझं इंजिनियरिंग आडवं आलं. मेस्त्रींचं म्हणणं असं की बाण धनुष्याच्या मधून जात नाही, कडेने जातो. दोरी सोडली की तो आधी वाकतो, धनुष्याला वळसा घालतो, मग उलटा वाकतो आणि असा माशासारखा सळसळत पुढे गेल्यावर सरळ होतो. जास्त ताठ असेल तर एका बाजूला जाईल, जास्त मऊ असेल तर दुसऱ्या.

"वाकल्याशिवाय सरळ जाणा नाय तो," ते म्हणाले.

मी हसलो. मग रात्री मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला, बाण सुटताना अगदी सावकाश दाखवणारा. बाण खरोखरच सळसळत होता. सकाळी मी मोठ्या उत्साहाने तो मेस्त्रींना दाखवला. त्यांनी एकदा बघितला, म्हणाले, "माका ठावक आसा," आणि कामाला लागले. तुम्हाला कसं ठाऊक, असं मी विचारलं तर त्यांनी खांदे उडवले.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही अर्बाबाच्या बागेत जायचो. मागे वाळूचा उंच बांध, पुढे खजुराच्या झावळ्यांचा घट्ट बांधलेला भारा, तेच लक्ष्य. मध्ये एका जुन्या खिडकीच्या चौकटीवर वर्तमानपत्र ताणून लावायचं काम माझं. मेस्त्री दोन पावलांवरून त्या कागदातून बाण मारत आणि मग कागद काढून भोकाकडे बघत बसत. भोक गोल पडून पिसांच्या तीन चिरा उमटल्या तर बाण सरळ गेला. कागद वरच्या बाजूला फाटला तर शेपूट वर होतं. मग दोरीवरचा पितळी मणी तांदळाच्या दाण्याएवढा सरकवायचा, दोरीला एखादा पीळ जास्त द्यायचा आणि पुन्हा कागद. मेस्त्री फाटके कागद तारीख घालून जपून ठेवत. त्यांच्या खोलीत अशा भोकं पडलेल्या वर्तमानपत्रांचा ढीग झाला, आणि खोली झाडायला येणाऱ्या माणसाने मला एकदा बाजूला घेऊन विचारलं की बुढ्ढ्याच्या घरी सगळं बरं आहे ना.

मीही एकदा धनुष्य आणि नापास मोळीतला एक बाण मागून घेतला. दोरी सोडल्याबरोबर ती माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला अशी काही सणसणीत बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाण कुठे गेला ते अजून माहीत नाही. मेस्त्री धावत आले, माझा हात न बघता धनुष्य हातात घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "बरा आसा, काय झाला नाय." हात पंधरा दिवस निळा होता.

शेवटी त्यांनी एका बाणाची पिसं कापून टाकली. मला वाईट वाटलं, इतका घासूनपुसून केलेला बाण.

"पिसां चुको झाकतत," ते म्हणाले. "मागसून ओढून सरळ करतत. पिसां काढ, मगे बाण खरा काय ता सांगता."

पिसं नसलेला तो बाण पिसं असलेल्या बाणाच्या शेजारीच, दोन बोटांवर जाऊन रुतला. मेस्त्रींनी त्याला पुन्हा पिसं चिकटवली आणि त्या दिवशी स्वतःच्या पैशाने मला शावर्मा खाऊ घातला.

*

आता हाताचं सांगायला हवं.

डिसेंबरात एका बागेत नवीन पंप बसवायला आम्ही दोघं गेलो होतो. मेस्त्रींनी डायल दांड्याला धरला आणि काटा थांबेचना. दांडा तर फिरतही नव्हता. बागेचा मालक उभा राहून बघत होता. मेस्त्री म्हणाले, जमीन हलते, शेजारी बोअर चालू आहे. मी बाहेर जाऊन पाहिलं. शेजारी बोअर चालू नव्हता. परत आलो तर त्यांनी डायलचा स्टँड चुंबकाने लोखंडाला चिकटवला होता आणि हात पाठीमागे घेतले होते.

आम्ही गाडीत बसलो. मग त्यांचं त्यांनीच सांगितलं, रस्त्याकडे बघत. सहा-सात महिने झाले, उजवा हात थरथरतो. कधी थरथरतो, कधी नाही. चहाचा पेला मला तिथे कळला. अर्धा भरला की सांडत नाही.

"डॉक्टरकडे चला," मी म्हणालो.

"डॉक्टर काय सांगतलो? हात थरथरता म्हणान सांगतलो. ता माका ठावक आसा. माका बघूचा आसा, कामाक चलात काय."

मग कुडाळच्या त्यांच्या उस्तादांची गोष्ट सांगितली. ज्या गॅरेजात मेस्त्री शिकले, तिथल्या उस्तादांचा हात म्हातारपणी गेला. मालकाने काढलं नाही. स्टुलावर बसवलं, पुढ्यात रॉकेलची परात आणि नट-बोल्ट धुवायला दिले. ज्याला सगळे घाबरायचे त्याच्याशी सगळे गोड बोलू लागले. चार वर्षं तो माणूस त्या स्टुलावर बसून होता. मार्चमध्ये मेस्त्रींचा व्हिसा संपत होता. पुढच्या दोन वर्षांची सही करायच्या आत त्यांना निकाल हवा होता. हात कामाला चालत असेल तर राहायचं, नसेल तर आपण होऊन अर्बाबाला सांगून निघायचं.

"दुसऱ्या कोणाक कळूच्या आधी माका कळूक होया," ते म्हणाले. "इतक्याच. तू खय बोला नको."

धनुष्याचं कोडं माझ्यापुरतं त्या गाडीत सुटलं. शिकारीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. धनुष्य बिनचूक केलं, बाण एकसारखे केले, म्हणजे तिघांतले दोघे मोकळे झाले. मग बाण चुकला तर तो हातानेच चुकवला.

जानेवारीत त्यांनी भंगारातला शिकंजा, पाइप आणि जुना खटका जोडून एक सांगाडा केला. त्यात धनुष्य आवळायचं, दोरी खाचेत अडकवायची आणि खटका दाबायचा. माणसाचा हात कुठेच नाही. वीस पावलांवरून अकराच्या अकरा बाण एका तळहाताच्या जागेत जाऊन बसले. मी टाळ्या वाजवल्या. मेस्त्रींचा चेहरा पडलेला होता. धनुष्य निर्दोष सुटलं होतं, बाणही सुटले होते, आता उरला होता फक्त हात.

"पुढच्या शुक्रवारी," ते म्हणाले, "मी मारतंय. अकरा बाण. एकदाच."

*

तो आठवडा मी कसा काढला ते मला माहीत. जेवताना त्यांचा हात बघायचो. बुधवारी डाळीची वाटी उचलताना ताटात डाळ सांडली. नट आवळताना पानाच हातातून निसटला. मला खात्री झाली की शुक्रवारी सगळे बाण बागभर विखुरणार आणि शनिवारी हा माणूस बॅग भरणार. बावीस वर्षं राहिलेला माणूस एका सकाळच्या खेळावरून जाणार, हे मला पटेना. आणि खरं सांगायचं तर मला ते हवे होते. परक्या मुलखात माझ्यावर हक्काने वसकणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग मला शहाणपण सुचलं. स्टोअरची किल्ली माझ्याकडेच होती. गुरुवारी संध्याकाळी काम सुटल्यावर मी नापास मोळीतला सगळ्यात मऊ बाण काढला, त्यावर पेन्सिलीने मेस्त्रींच्या वळणाचा चार काढला आणि खरा चार नंबर डब्यांमागे लपवला. हिशोब सोपा होता. बाण विखुरले की मी म्हणणार, थांबा, सगळे बाण परत डायलवर घ्या. चार नंबर खोटा निघणार. मग मी म्हणणार, बघा, समुद्राच्या हवेने लाकूड फिरलं, आता काहीच खरं नाही, सगळं पहिल्यापासून तपासायला हवं. त्यात दोन महिने जातील, तोवर व्हिसावर सही होऊन जाईल. अशी नसती उठाठेव करून मी शांत झोपलो.

शुक्रवारी वारा पडलेला होता. मेस्त्री नेहमीसारखे कपडे करून आले होते, फक्त शर्ट इस्त्रीचा होता. त्यांनी पहिला बाण लावला. लावताना हात थरथरत होता, बाणाची खाच दोरीला टकटक वाजत होती. मग त्यांनी दोरी ओढली, आणि ताण आल्याबरोबर हात थांबला. दगडासारखा थांबला. बाण मधोमध बसला. दुसरा त्याच्या शेजारी, तिसरा त्यांच्या मधे.

पुढचा चार नंबरचा होता.

ओरडायला हवं होतं. मी ओरडलो नाही. का, ते मला आजवर उमगलेलं नाही. मेस्त्रींनी चार नंबर उचलला, क्षणभर थांबले, दोरीला लावला आणि सोडला. तो भाऱ्याची कडसुद्धा न शिवता मागच्या बांधात घुसला. उरलेले सात बाण त्यांनी एकामागून एक सोडले. सातही मधोमध.

भाऱ्याजवळ गेलो तेव्हा दहा बाण एका तळहाताच्या जागेत होते, त्या सांगाड्याने मारल्यासारखे. मेस्त्रींनी बांधातला चार नंबर उपटला, वाळू पुसली, बोटावर आडवा धरला. मग माझ्याकडे बघितलं.

"चल," ते म्हणाले. "च्या घेव."

शनिवारी ते अर्बाबाच्या ऑफिसात गेले आणि व्हिसा वाढवू नका असं सांगून आले.

*

दोन दिवस मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत खरा चार नंबर घेऊन त्यांच्या बाकापाशी गेलो आणि सगळं ओकून टाकलं. म्हटलं, तुमचा हात ठणठणीत आहे, दहा बाण बघा ना, चार नंबर मी चुकवला, मूर्खपणा माझा, तुम्ही अर्बाबाला परत जाऊन सांगा.

मेस्त्रींनी दोन्ही चार नंबर घेतले. एक उजव्या बोटावर, एक डाव्या.

"ठावक आसा," ते म्हणाले. "बोटार घेतलंय तेवाच कळला. हलको लागलो."

"मग सोडलात कशाला?"

"माका बघूचा होता, मऊ बाण मी म्हणतंय तसोच जाता काय. गेलो."

"मग जाताय कशासाठी? हात चांगला आहे हे तुम्हाला कळलं ना?"

त्यांनी पेल्यातला उरलेला चहा पिऊन टाकला. हात थरथरत होता, आणि या वेळी त्यांनी तो लपवला नाही.

"बाणान सांगल्यान, हात बरो आसा. धनुष्य ताणूक बरो आसा. अर्बाबाचे पंप काय मी धनुष्यान बशवतंय?" ते हसले. "ता सोड. तू माझ्यासाठी बाण बदललंस. कित्याक? तुका माझो हात गेलो असा वाटला म्हणान. मी सांगलंय तेवढ्यावरसून नाय, तू रोज बघत होतंस. जेवताना बघत होतंस. तुका दिसता म्हणजे अर्बाबाक दिसता, गिऱ्हायकाक दिसता. कोण बोलणा नाय इतक्याच. माका वाटला, सगळ्यांच्या आधी माका कळतला. मीच शेवटचो."

"मी काही बोललो नव्हतो," मी म्हणालो.

"नाय," ते म्हणाले. "गोड वागलंस."

मी त्यांच्या पाया पडावं असं मला फार वाटलं. पण त्यांनी बेअरिंगची गोळी खिशातून काढून बाकावर ठेवली होती आणि ती कुठे जाते ते बघत होते, म्हणून मी तसाच उभा राहिलो.

मार्चमध्ये ते गेले. अर्बाब शिकारीहून आला तेव्हा खूश होता. कौस सीधा मारता, म्हणाला. मेस्त्री किधर है, उसको बोलो. मग त्यालाच आठवलं. मी धीर करून विचारलं की त्यांचा हात थरथरायचा हे तुम्हाला माहीत होतं का.

"मालूम," अर्बाब म्हणाला. "बहुत पहले से मालूम. उसका हाथ, उसका शर्म. मैं क्यों बोलेगा?"

म्हणजे मेस्त्रींचं बरोबर होतं. अर्बाबाला माहीत होतं आणि तो काहीच न बोलता, काहीच न करता राहिला. मला माहीत होतं आणि मी मदतीला धावलो. यातलं कुठलं बरं, यावर मी पुष्कळ डोकं चालवलं. आता मी ओमानमध्येच, अल हैलला राहतो, बायको आहे, मुलगी आहे, दुसरी नोकरी आहे, आणि डोकं अजून चालवतोच आहे.

मार्चमध्ये, विमानतळाकडे निघताना, मेस्त्रींनी मला वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन बाण दिले. कागदाला मधोमध एक गोल भोक होतं, तीन चिरांचं. आत दोन्ही चार नंबर होते, खरा आणि मी केलेला. पेन्सिलीचे आकडे त्यांनी खोडून टाकले होते.

"खरो खयचो ता बोटान ओळख," ते म्हणाले. "डायल लावूचो नाय. ओळखलंस की फोन कर."

बाण माझ्या कपाटावर आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी मी ते खाली काढतो, एक उजव्या बोटावर आणि एक डाव्या बोटावर धरतो, डोळे मिटतो. बायको पहिल्यांदा घाबरली होती, आता टीव्हीचा आवाज तेवढा कमी करते. डायल माझ्याकडे आहे, पाच मिनिटांचं काम आहे. त्यांचा नंबरही आहे.

मला दोन्ही बाण सारखेच लागतात. फोन अजून केलेला नाही.